पूजेआधीची गोळी

शिवकन्येचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली पोरगी. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "सकाळची गोळी घेतली होती का तिनं?" माणूस गेलं तरी मी गोळीचीच चौकशी करत होते... पलीकडून ती रडत रडत म्हणाली, "घेतली होती मावशी. आपल्या हातानं घेतली." तेव्हा कुठं मला रडू फुटलं. नंदा, माझी धाकटी बहीण, छातीत कफ भरला म्हणून लातूरच्या दवाखान्यात होती. आदल्याच आठवड्यात मी नांदेडहून जाऊन तिला भेटून आले होते. प्राणवायूचा मास्क बाजूला सारून ती म्हणाली होती, "अक्का, पुढल्या येळेला येताना भरीत घेऊन ये. हितली भाजी म्हंजे निव्वळ पाणी." मी भरीत करायचं ठरवलं होतं. वांगी आणलेली तशीच राहिली.

आता महिना होत आला. शिरूर अनंतपाळला तिच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि जो येईल त्याच्या तोंडी एकच पालुपद. "लई सोशीक बाई हो. एवढा आजार, पण तोंडातून शब्द काढला न्हाई." चौकात लावलेल्या फलकावरही फोटोखाली तेच, धर्मपरायण आणि सोशीक. ऐकून ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. शब्द काढला नाही? अहो, तिची जीभ उचलत नव्हती तेव्हा! आणि जेव्हा उचलत होती तेव्हा ती बोलत होती, चांगली खणखणीत बोलत होती, तुमच्यातलं कुणी ऐकत नव्हतं. मेलेल्या माणसाला सोशीक म्हटलं की जिवंत माणसांची सुटका होते. म्हणून हे लिहायला बसले. माझी बहीण सोशीक नव्हती. ती भांडली, आणि भांडली म्हणून जगली.

हदगावला आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज नंदाचा. बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी झाली की वडील तिलाच पुढं उभी करायचे, कारण ती एका दमात चार गिऱ्हाइकांना उत्तर द्यायची आणि पाचव्याला दमही भरायची. मी मोठी, पण शाळेत माझी भांडणं तीच भांडून यायची. दातांनी अख्खा ऊस सोलायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं ह्याच पोरीला भाकरीचा घास चावता चावता मध्येच थांबावं लागायचं, हाताने हनुवटी वर धरून जबडा हलवावा लागायचा.

तिला शिरूरला दिलं. आज ते तालुक्याचं गाव आहे, तेव्हा नव्हतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस रुसून बसला होता. जिल्हा मिळाला, पाणी काही मिळालं नाही. तिचे सासरे गावातले मातब्बर, भुसार मालाचं मोठं दुकान. नवे साहेब, नव्या जीपगाड्या, त्यांच्या स्वागतात मामंजींचे दिवस जायचे. घरात हंडे उपडे पडलेले, पण सत्काराच्या हारांवर शिंपडायला मात्र तांब्याभर पाणी कुठून तरी यायचंच. टँकर उशिरा येई, येईल तेव्हा खरा. एरवी वेशीजवळचा एक हापसा, आणि त्याच्यापुढं घागरींची ही लांब रांग. नंदाचा नंबर आला की पहिली घागर ती झपाझप भरायची. दुसऱ्या घागरीला हात जड व्हायचे. तिसरीला हापशाचा दांडा वर जायचा तो खाली यायचाच नाही. मागच्या बाया ओरडायच्या, "वाण्याची सून हाय बाई, तिला कशाला जमंल!" ती वळून उत्तर द्यायला जायची, तर शब्द नाकातून निघायचे. हसून वेळ मारून न्यावी म्हटलं तर ओठांचे कोपरे वर जात नसत. दात दिसायचे, हसू दिसायचं नाही. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई म्हणायच्या, "हसती का दात इचकती, काय कळना."

आणि ह्या आजाराची खोड अशी की विसावा घेतला की माणूस पुन्हा ठीक. झोपून उठली की घटकाभर नंदा पहिल्यासारखी, दुपार कलली की पापण्या मिटायला लागलेल्या. मग काय, निकाल लागलाच. "सकाळी टुणटुणीत, कामाच्या वक्ताला झोप. नाटकं करून राहिली." तिचा नवरा राजशेखर स्वभावाने गरीब, पण असा गरीब की उपयोग शून्य. आई बोलायला लागली की तो दुकानातली वजनं पुसायला घ्यायचा. घराण्याची वजनं पुसून पुसून झिजली असतील.

मी तिला सणाच्या निमित्तानं नांदेडला आणलं आणि तिथून रेल्वेनं हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला नुसतं वर बघायला सांगितलं. बघता बघता पापण्या खाली आल्या. मग दंडात नसेतून एक सुई दिली, आणि काय सांगू... दुकानाचं शटर वर जावं तशा दोन्ही पापण्या वर गेल्या! नंदा माझ्याकडं बघून हसली, खरंखुरं हसली. लग्न झाल्यापासून ते हसू मी पाहिलं नव्हतं. काही मिनिटांत ते पुन्हा विझलं, पण रोग सापडला होता. मायस्थेनिया. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकते, नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या लिहून दिल्या. ठरल्या वेळेला घ्यायच्या, जेवणाआधी घ्यायच्या, म्हणजे घास गिळता येईल. आणि दरवाजातून पुन्हा मागे बोलावून नंदाला म्हणाले, "बेटा, गोली छोड़ना नक्को. पेट से रहे तो बी नक्को." कुठली औषधं तिला कधीच चालणार नाहीत तेही सांगितलं. नंदानं ती नावं गाडीत पाढ्यासारखी घोकली, हदगावच्या शाळेत घोकायची तशी.

आता खरी गोष्ट. आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यात असतं, चांदीच्या डबीत, मरेपर्यंत उतरत नाही. रोज आंघोळ करून ते डाव्या तळव्यावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं, एकटक बघायचं. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. चांगला नेम आहे, मीही पाळते. पण नंदाच्या सासरी त्याचं काय झालं होतं बघा. आदल्या दिवशीचं पाणी शिळं, ते पूजेच्या आंघोळीला चालत नाही. म्हणजे टँकर आल्याशिवाय आंघोळ नाही. त्यातही आधी पुरुष, मग आत्याबाई, सून शेवटी. आंघोळीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय पाणी नाही, पाण्याशिवाय गोळी नाही. आणि गोळीशिवाय नंदा नाही! टँकरला उशीर झाला की माझ्या बहिणीचा श्वास लांबणीवर पडायचा.

त्यात तिला दिवस गेले. आनंदीआनंद! आत्याबाईंनी गोळ्यांची बाटली आपल्या पेटीत टाकली. "पोटुशीनं गोळ्या खाऊ न्हाई, गर्भाला उष्णता व्हती." फार झालं तर पूजेनंतर एक काढून द्यायच्या, संध्याकाळची चुकवायच्या. दुष्काळात सगळंच राखून वापरायची सवय, गोळ्याही त्यांनी हंड्यातल्या पाण्यासारख्या राखल्या, बाळंतपणाच्या दिवशी एकदम द्यायच्या म्हणून. त्या दिवशी ताकद लागेल ना! वाईट बाई नव्हती ती, हे मला मान्य आहे. पण चांगल्या मनानं माणूस मारता येतं, हेही मी तिथंच शिकले.

मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पाचव्या महिन्यात मी चोळी-बांगडी घेऊन गेले, तर ऊन चढलेलं आणि नंदा नुकतीच पूजेला बसलेली. डाव्या तळव्यावर लिंग. हात थरथरतोय म्हणून उजव्या हातानं डावं कोपर धरलेलं. मग पापणी मिटायची. मग ती कोपर सोडून उजव्या बोटानं पापणी वर करायची, की डावा हात खाली यायचा. पुन्हा कोपर, पुन्हा पापणी... देवाकडं बघायलाही तिला तिसरा हात हवा होता. दारात आत्याबाई उभ्या. मला म्हणाल्या, "बघितलं का? देवासमोर बी डुलक्या."

मी पिशवी तिथंच ठेवली. काय काय बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही. मग सरळ गावातल्या स्वामींकडं गेले. सगळ्या घरांचे तेच गुरू, शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. मी म्हटलं, "स्वामी, पूजेआधी औषध घेतलेलं चालतं की नाही, एवढं सांगा." ते जरा हसले. म्हणाले, "बाई, आजाऱ्याला नेम न्हाई. ह्यात इचारायचं काय?" मला वाटलं, जिंकले! पळत घरी आले, सगळ्यांसमोर सांगितलं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्वामी बरुबर बोलले. आजाऱ्याला न्हाईच. पण ही कुठं आजारी हाय? पोटुशी हाय. पोटुशी असणं काय आजार हाय व्हय? आमी धा घागरी आणत हुतो नववा लागला तरी." मी मामंजींकडं बघितलं, ते कुठल्याशा सत्काराला निघाले होते. राजशेखरकडं बघितलं, तो वजनं पुसत होता. घ्या! गोळी मागितली की ती नाजूक पोटुशी, आणि पाणी भरायचं आलं की धट्टीकट्टी. एकाच बाईला एकाच दिवसात दोन्ही केलं होतं ह्यांनी. धर्मानं वाट दिली होती, वाट अडवून बसले होते ते घरचेच.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हिला नांदेडला माझ्या घरी घेऊन जाते. तर आत्याबाई म्हणे, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ते सातव्यानंतर, आधी नेणं अशुभ. नंदानंच मला थांबवलं. अडखळत, नाकातून, पण ठाम. "अक्का, तू जा. मी बघती." आणि जाता जाता माझा हात धरून आपल्या गळ्यातल्या चांदीच्या डबीवर ठेवला. मला काही उमगलं नाही.

उमगलं ते नंतर, तिनंच सांगितलं तेव्हा. संध्याकाळी आत्याबाई स्वयंपाकात गुंतल्या की ती पेटीतून एक गोळी काढायची, कागदात गुंडाळायची आणि लिंगाच्या डबीत ठेवून डबी मिटायची. दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही. साऱ्या घरात तेवढी एकच जागा तिची स्वतःची होती. उजाडायच्या सुमारास ती गोळी तोंडात टाकायची आणि नुसत्या थुंकीवर गिळायची. पाणी नाही, म्हणजे नेम मोडला नाही, कुणाला बोलायला जागा नाही. मला म्हणाली, "अक्का, देवानंच संभाळली की गं. त्याच्या घरात ठिवली हुती." हे सांगताना ती हसत होती. मला मात्र त्या हसण्याचा राग येतो अजून. घशाच्या स्नायूंचा आजार असलेल्या गरोदर बाईनं कोरडी गोळी गिळायची, आणि तीही आपल्याच घरात चोरून!

व्हायचं तेच झालं. एके सकाळी गोळी घशात चिकटली. खोकायचं तर खोकल्यालाही बळ लागतं. ती अंगणात भिंतीला धरून उभी, डोळे बाहेर, आवाज नाही. आत्याबाईंनी बघितलं आणि घाबरून त्या देवाचं नाव घेत राहिल्या. तेव्हा राजशेखर दुकानातून उठला. पाण्याचा पेला भरून आणला, तिचं डोकं पुढं वाकवलं आणि घोट घोट करत तिला पाजलं. आत्याबाई म्हणाल्या, "आरं, पूजा व्हायची हाय तिची..." तो म्हणाला, "आजची तिच्या वाटची पूजा मी करतो." मग त्यानं आईच्या पेटीतून बाटली काढून नंदाच्या उशाशी ठेवली. लोक आता त्याचं ह्यासाठी कौतुक करतात. करोत बापडे. पण इतके महिने तो वजनं पुसत बसला होता, हे मी विसरलेले नाही, आणि नंदाही विसरली नव्हती. फक्त तिनं ते त्याला आयुष्यभर चेष्टेत ऐकवलं. "वजनं पुसून झाली का?" असं ती विचारायची आणि तो कान धरायचा.

त्यानंच तिला नांदेडला आणून सोडलं. मामंजी म्हणाले, आता आपला जिल्हा झाला, नव्या जिल्ह्यात पहिलं नातवंड व्हावं, लातूरलाच करू. राजशेखर म्हणाला, "जिल्हा नवा हाय, बायको जुनीच लागती मला." बापापुढं पहिल्यांदा बोलला आणि नेमकं बोलला.

नांदेडला तरी काय, सगळं सुरळीत थोडंच! कळा सुरू झाल्यावर नंदाचा रक्तदाब चढला. झटके येऊ नयेत म्हणून देतात ती सुई दवाखान्यातल्या डॉक्टर बाईसाहेबांनी भरायला सांगितली, मॅग्नेशियमची. घोकलेल्या पाढ्यातलं पहिलंच नाव ते! नंदा बोलायला गेली, तोंडातून नुसता घरघराट. बाईसाहेब म्हणाल्या, "भ्रम झालाय हिला, लवकर द्या." मी मध्ये उभी राहिले. "ते औषध हिला चालत नाही, श्वास थांबेल." "डॉक्टर तुम्ही की मी?" बाईसाहेब कडाडल्या. तेवढ्यात नंदानं काय केलं, पलंगावर पडल्या पडल्या गळ्यातली डबी उघडली, त्यातली गोळी पुडीसकट काढली आणि बाईसाहेबांच्या तळव्यावर ठेवली. बोलता येत नव्हतं म्हणून गोळीनं बोलली. पुडीच्या कागदावरचं औषधाचं नाव वाचून बाईसाहेब थबकल्या. "मायस्थेनिया आहे? आधी सांगायचं नाही का?" आधी! नाव नोंदवल्यापासून दर खेपेला सांगत होतो. पण सुई खाली ठेवली. रागानं ठेवली, पण ठेवली.

मुलगी झाली. रडली, पण कशी, मांजराच्या पिल्लासारखी, ऐकायला कान जवळ न्यावा लागे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, दूध ओढायला ताकद नाही. शिरूरहून मंडळी आली. आत्याबाईंनी बाळाकडं बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. "म्या सांगत हुते. गोळ्यांनी केलं." आता नंदा बोलू शकत होती. ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, गोळ्यांनी न्हाई. माझ्या रक्तातनं तिला गेलंय, डॉक्टर म्हणले थोड्या आठवड्यांत उतरतंय. तवर तिला बी दुधाआधी औषध द्यायचं. आणि माझ्या लेकीचं औषध कुणी पेटीत ठिवलं तर याद राखा." ही तुमची सोशीक बाई.

पळीनं दूध पाजत दिवस गेले. औषधाचे थेंब, मग दूध, मग वाट बघणं. नंदा लेकीच्या पापण्यांकडं बघत बसायची, पूर्वी लिंगाकडं बघायची तशी एकटक. मग एका दुपारी दूध यायला जरा उशीर झाला आणि त्या पोरीनं असा भोंगा पसरला की शेजारच्या खोलीतल्या बाया दारात जमल्या. मी धावले. नंदा मला म्हणाली, "थांब अक्का, गप करू नको. भांडू दे तिला." आणि दोघी मायलेकी एकदमच रडत होत्या.

पुढं ती पुष्कळ जगली. दुकान तिनंच सांभाळलं, हळूहळू, मध्ये विसावा घेत. दुसरं मूल होऊ दिलं नाही, त्यावरूनही गाव बोललं, बोलू दे. एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. उतारवयात आत्याबाईंना रक्तदाबाची गोळी लागली. सकाळी उठल्या उठल्या, चहाबरोबर, पूजेच्या कितीतरी आधी! मी एकदा मुक्कामाला होते तेव्हा बघितलं. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "डाक्टरनं सांगितलंय बाई, काय करावं." आणि गोळी हातावर ठेवत कोण होतं? नंदा. मी नंतर तिला म्हटलं, अगं, एकदा तरी ऐकवायचं होतंस. ती म्हणाली, "ऐकवलं असतं, पर तोवर गोळीची येळ टळली असती."

आमच्यात माणसाला बसवून पुरतात, समाधीत, डाव्या तळव्यावर लिंग देऊन. शेतात खड्डा केला होता. बायकांनी घरीच थांबावं असं कुणीतरी म्हणालं, मी ऐकलं नाही, शिवकन्येचा हात धरून गेले. जुन्या स्वामींच्या जागी आता तरुण स्वामी आहेत. त्यांनी नंदाच्या गळ्यातली डबी सोडवली, उघडली, आणि लिंग काढताना त्याच्याबरोबर कागदाची एक बारीक पुडी बाहेर आली. त्यांनी ती उलगडली. पांढरी गोळी. बाटली उशाशी आल्यालाही उभा जन्म गेला होता, कुणाची चोरी नव्हती, तरी ती उद्याची पहिली गोळी तिथंच ठेवत होती... स्वामी गोंधळले. मागून कुणी वडीलधारा म्हणाला, "काढून टाका ते. पूजेच्या वस्तूत औषध कशाला?"

राजशेखर रडत होता. शिवकन्येनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले. म्हटलं, "स्वामी, ती तिच्या हातावर ठेवा. आणि लिंगाच्या आधी ठेवा. पूजेआधी लागते तिला."

त्यांनी आधी गोळी ठेवली.